ॲट्रॅक्टाचा तिसरा ग्रँड

आयर्लंडमधल्या रॉस्कॉमनमध्ये नर्स म्हणून आले त्या पहिल्याच आठवड्यात मी एका म्हाताऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली. म्हातारा शिडीवरून पडला होता. कसं वाटतंय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "ग्रँड." मी वहीत लिहून टाकलं, तब्येत उत्तम. मनगटाची दोन हाडं मोडलेली निघाली.

ग्रँड म्हणजे भव्य, असं मला साताऱ्याच्या शाळेत शिकवलं होतं. शिकवणाऱ्या बाई आयर्लंडला कधी आलेल्या नव्हत्या हे उघड आहे. इथे दुकानदाराने पिशवी देऊ का विचारलं की ग्रँड म्हणजे नको. उद्या येते म्हटलं की ग्रँड म्हणजे ये. कुणाच्या पायावर पाय पडला तर ग्रँड म्हणजे जाऊ दे, आणि नवऱ्याला पुरून आलेली बाई ग्रँड म्हणाली, तर त्याचा अर्थ आता पुढे विचारू नका. भव्य असं काही मी बावीस वर्षांत इथे पाहिलेलं नाही. तरी दिवसातून शंभर वेळा तोच शब्द. बरं, मी बोलणार कोणत्या तोंडाने? माझी आई एका 'बरं'वर अख्खा संसार रेटायची. बाबांनी पाहुणे आणले की तिचं 'बरं' कसं पडतं, त्यावरून आम्ही भावंडं आज घरात राहायचं की शेजारी जायचं ते ठरवायचो.

तर ग्रँडची बाराखडी मला गिरवायला लावली ती ॲट्रॅक्टा टार्पीने. दर मंगळवारी आमच्या गावात जनावरांचा लिलाव भरतो. लिलावाच्या रिंगणाला लागूनच चहाची खोली आहे, तिच्या भिंतीला एक खिडकी, आणि खिडकीतून बोली लावणाऱ्याचा आवाज आत येतो. त्या खोलीत ॲट्रॅक्टाचं राज्य. बाई एकसष्ट वर्षांची, खांद्याने रुंद, जिभेने तिखट. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ही पंचविशीची होती, आणि आई गेली तेव्हा चाळिशी उलटलेली. लग्नाचं वय मधल्या मध्ये कुठे गेलं हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

"पहिला ग्रँड लाजेचा," तिने मला बजावलं होतं. "दुसरा सवयीचा. तिसऱ्या वेळी माणूस काय ते बोलतो. तीनदा विचारल्याशिवाय इथे कुणाचं काही खरं धरू नकोस, पोरी."

मला हे नवीन नव्हतं. "नको, आत्ताच झाला" म्हणत दोन कप रिचवणारे पाहुणे मी लहानपणापासून पाहिले होते. पण ॲट्रॅक्टासारखी नेमाने तीनदा विचारणारी यजमानीण मात्र पाहिली नव्हती.

तिच्या या नेमाचा खरा लाभार्थी मॅलकी टॅन्सी. बेचाळीस मेंढ्या, एक एडका आणि डोक्यावर टोपी एवढा त्याचा प्रपंच. टोपी काढलेला मॅलकी तोवर मी फक्त चर्चमध्ये पाहिला होता. दर मंगळवारी तो कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसे. चहा घेतोस का, असं ती विचारी. ग्रँड, असं तो म्हणे. घे की. नको, ग्रँड. ओतू का मग? ओत. असं एकोणीस वर्षं. मध्ये एकदा मी घड्याळ लावून पाहिलं होतं, दीड मिनिट लागतं.

मग फेब्रुवारीत मॅलकी यायचा थांबला. लिलावाला यायचा, पण फ्लास्कमधला चहा गाडीत बसून प्यायचा. मी ॲट्रॅक्टाला कशी आहेस विचारलं, तर ग्रँड म्हणाली. तो ग्रँड मला ओळखू आला. नवऱ्याला पुरून आलेल्या बाईचा होता.

एप्रिलमध्ये मॅलकीला त्याच्याच एडक्याने धडक दिली आणि गुडघ्याच्या जखमेची पट्टी बदलायला मी त्याच्याकडे गेले. स्वयंपाकघरात टेबलावर भावाचं पत्र उघडं पडलं होतं. भाऊ लीड्सला असतो. पुढच्या मंगळवारी सगळ्या मेंढ्या विकायच्या आणि कायमचं तिकडे जायचं, असं मॅलकीने ठरवलं होतं. का, म्हणून मी विचारलं. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने सांगितलं.

फेब्रुवारीत एका मंगळवारी चहाची खोली रिकामी झाल्यावर याने कपबशा विसळणाऱ्या ॲट्रॅक्टाला विचारलं होतं, की आपण दोघांनी लग्न केलं तर कसं होईल. ती म्हणाली, अरे, मी ग्रँड आहे. याने हातातला कप ठेवला आणि निघून आला.

माझं डोकं फिरलं. "एकदाच विचारलंस?"

"नाही म्हटलेलं माणसाला कळतं, नर्सबाई."

"एका कपाला तू एकोणीस वर्षं तीनदा आर्जवं करून घेतोस. आणि लग्नाला तिने पहिल्या हाकेला उडी मारायची?"

"चहाची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी?"

तो म्हणाला, ग्रँड. हा कोणता ते मला कळेना, म्हणून मी जखमेवरची जुनी पट्टी जरा जोरातच ओढली. नर्सने असं करू नये हे मला ठाऊक आहे.

तिथून तडक ॲट्रॅक्टाच्या घरी गेले. ती सोडा घालून भाजलेला पाव कापत होती. मॅलकीने तुला विचारलं तेव्हा तू खरंच नाही म्हणालीस का, असं मी तोंडावरच विचारलं.

"नाहीच म्हणाले," ती म्हणाली. "एकसष्टाव्या वर्षी कुणी विचारलं आणि बाई लगेच हो म्हणाली, तर गाव म्हणेल टपूनच बसली होती."

"टपून बसली नव्हतीस?"

"एकोणीस वर्षं," ती म्हणाली आणि पाव कापत राहिली.

मग तूच जाऊन सांग की त्याला, असं मी म्हटलं. विचारण्याचं काम माझ्याकडे फक्त चहापुरतं आहे, असं तिने सुनावलं. तेव्हा मी मेंढ्यांचं आणि लीड्सचं सांगितलं. तिची सुरी थांबली. मला वाईट वाटलं. एवढी दणकट बाई, पण तिला हात कुठे ठेवावा ते समजत नव्हतं.

मंगळवारी चहाची खोली खच्चून भरली होती. मी फक्त पोस्टमनच्या बायकोला सांगितलं होतं आणि कुणाला सांगू नकोस असंही म्हटलं होतं. माझा काही दोष नाही.

मॅलकी लंगडत आला आणि आपल्या स्टुलावर बसला. दाढी घोटली होती, दोन ठिकाणी कापलंही होतं. ॲट्रॅक्टाने त्याला चहा विचारला नाही. लोकांनी चमचे फिरवायचे थांबवले.

"ॲट्रॅक्टा," तो म्हणाला, "ते मी फेब्रुवारीत विचारलं होतं."

"काय विचारलं होतंस?"

"तेच. अजून विचारतोय."

"मी ग्रँड आहे, मॅलकी."

मागे कुणीतरी हळूच म्हणालं, दोन झाले.

मॅलकीने टोपी काढली. आता तिसऱ्यांदा विचारणार, एवढ्यात खिडकीतून लाउडस्पीकर खरखरला. लिलाव पुकारणारा फर्गल मॅलकीला शोधत होता. बेचाळीस मेंढ्या रिंगणात उभ्या होत्या, बोली थांबली होती, आणि विकायच्या की नाही ते मालकाने आताच्या आता सांगायचं होतं.

मॅलकी उठला. खिडकीकडे पाहिलं, ॲट्रॅक्टाकडे पाहिलं, पुन्हा खिडकीकडे. घाबरला की माणूस सवयीचं तेच बोलतो. त्याचा 'ग्र' ओठांपर्यंत आलेला मला दिसला. फर्गलने तो 'विकून टाक' असा ऐकला असता तर मेंढ्या गेल्या असत्या, आणि मेंढ्यांच्या मागे तोही.

ॲट्रॅक्टाने हातातलं फडकं फेकलं, तीन माणसांना कोपराने बाजूला केलं आणि खिडकीतून अर्धी बाहेर झुकली.

"फर्गल, त्या मेंढ्या ग्रँड आहेत."

"म्हणजे देऊन टाकू?"

"म्हणजे आमच्या मेंढ्या आहेत तशा ग्रँड आहेत. आम्हाला विकायच्या नाहीत."

रिंगणातली माणसं आधी हसली की खोलीतली, ते मला सांगता यायचं नाही. 'आमच्या' हा शब्द सगळ्यांनी ऐकला होता. फर्गलने लाउडस्पीकर बंद करायचा विसरून कुणाला तरी सांगितलं, की बाईने मॅलकीला तिसरा पुकारा करूच दिला नाही. एकटा मॅलकीच टोपी हातात धरून उभा होता. त्याला समजायला जरा वेळ लागला. मग त्याचं तोंड हळूहळू लाल होत गेलं आणि तो स्टुलावर मटकन बसला.

ॲट्रॅक्टा ओट्यामागे परत आली. पदर नसलेल्या बाईने पदर सावरावा तसा तिने ॲप्रन सारखा केला.

"चहा घेतोस का?" तिने विचारलं.

"हो," मॅलकी म्हणाला.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. किटली अजून शेगडीवरच होती. तिला आणखी दोनदा विचारायचं होतं.