नाव न घेता

दाक्षायणी सोलापुरातल्या तेलुगू विणकरांच्या घरातली. रस्त्यासाठी नाल्याकाठची वस्ती उठवली, तेव्हा इतरांसारखी तिच्या घरालाही शहराबाहेरच्या इमारतीत एक खोली मिळाली. बारावी झालेली, मराठी आणि तेलुगू दोन्ही सफाईनं बोलणारी. त्यामुळे विस्थापितांवर संशोधन करायला पुण्याहून वैजयंती मॅडम आल्या, तेव्हा दुभाषी म्हणून त्यांनी तिलाच सोबत घेतलं.

त्याच वस्तीतून उठवलेली नागम्मा अव्वा आधी तोंडच उघडेना.

"नाव कुठंच येणार नाही, अव्वा. माझा शब्द," दाक्षायणी तेलुगूत म्हणाली.

मग म्हातारी बोलली. नव्या इमारतीतून विडी कारखाना लांब. मजुरी रिक्षातच जायची. म्हणून ती जुन्या वस्तीजवळ बहिणीकडे राहत होती आणि मिळालेली खोली तिनं भाड्यानं दिली होती. तसं करायला परवानगी नव्हती. ऐकताना मॅडमचे डोळे भरून आले.

अहवाल छापून आला. त्यात खोली भाड्यानं दिल्याचं होतं, पण नाव नव्हतं. 'तिसऱ्या इमारतीतली, एका डोळ्यानं अधू असलेली विधवा विडी कामगार' एवढंच होतं. थोड्याच दिवसांत खोल्या देणाऱ्या कार्यालयातली माणसं आली, पंचनामा झाला, भाडेकरूला बाहेर काढलं आणि खोलीला सील लागलं.

दाक्षायणीनं मॅडमना फोन केला.

"अगं, पण नाव तर कुठेच दिलं नाही आपण."

"नाव कशाला पाहिजे, मॅडम? तिसऱ्या इमारतीत तशी बाई एकच आहे की!"

मॅडमनी तो मजकूर काढायला लावला, कार्यालयाला पत्रही लिहिलं. खोली काही परत मिळाली नाही.

दाक्षायणी माफी मागायला गेली, तेव्हा अव्वा विड्या वळत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या बाईला मी कशाला सांगितलं असतं? तू विचारलंस म्हणून सांगितलं."

इमारतीतल्या बायका दाक्षायणीला पाहून बोलणं थांबवू लागल्या. पुढं दुसरे संशोधक आले. "लिहिलेलं आधी ज्याचं त्याला वाचून दाखवा, मगच छापा," असं तिनं सांगितलं. तेवढा वेळ नाही म्हणून त्यांनी दुसरी मुलगी शोधली. दाक्षायणी गणवेश शिवायच्या कारखान्यात लागली.

सुट्टी मिळेल तेव्हा ती अव्वाबरोबर खोली परत मागायला कार्यालयात जाते. बाकावर दोघी शेजारी बसतात, पण अव्वा तिच्याशी बोलत नाही. आपलं म्हणणं साहेबाला मराठीत सांगायला कुणीतरी लागतं, म्हणून फक्त येऊ देते.