दोन सेकंदांचा उजेड

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास, संध्याकाळचं लोडशेडिंग सुरू झालं की आमच्या वस्तीवर दोन गोष्टी व्हायच्या. मी माझा घरगुती दिवा लावून मेथीच्या जुड्या बांधायला बसायचे, आणि समोरच्या ओट्यावर माझा धाकटा दीर बायकोला मारायला सुरुवात करायचा. इंजिनाच्या तुटक्या पट्ट्यानं. लांब एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे तेवढे लुकलुकायचे; मधल्या अंगणात मिट्ट काळोख.

दिवा मीच बनवलेला. जुन्या मोपेडची सहा व्होल्टची बॅटरी, हेडलाइटची वाटी आणि नाशिकरोडच्या रेडिओवाल्याकडून आणलेली आठ बारक्या एलईडींची तयार पट्टी. दोन वायरी जोडल्या आणि मी स्वतःला इंजिनिअर समजायला लागले. उजेड जेमतेम माझ्या मांडीपर्यंत. तेवढाच मला पुरायचा. पट्टा सपासप वाजला, जाऊ कळवळली, की मी शेजारणीला म्हणायचे, "दिसत नाय, तर बोलायचं काय?" आता आजी झाले म्हणून सांगते, केवढी हुशार होते बघा! कान दोन्ही शाबूत, पण बाईसाहेबांना डोळ्यांनीच बघायचं होतं.

मग मला हाव सुटली. त्या निळसर उजेडात पिवळी पानं कळेनात, बाजारात गिऱ्हाईक जुडी तोंडावर फेकायचं. म्हणून एक वॅटचा मोठा एलईडी आणला. रेडिओवाल्यानं सोबत बोटाच्या पेराएवढा रेझिस्टन्स दिला. "हा मधी लावा मावशी, नाहीतर उडेल. करंट आवरतो तो."

मला वाटलं, आवरतो म्हणजे उजेड खातो. माझ्या उजेडात हा वाटेकरी कशाला? दिला उकिरड्यावर फेकून.

वीज गेलेली, म्हणून तांब्याची सळई चुलीत तापवून जोडांना कथलाचा डाग दिला. समोर पट्टा सुरू झालाच होता. एका हातात सळई तशीच धरून मी दुसऱ्या हातानं वायर बॅटरीला टेकवली मात्र, अंगणभर पांढरा भडका उडाला.

जाऊ पालथी पडलेली. दिराचा गुडघा तिच्या पाठीवर, केस त्याच्या मुठीत, पट्टा वर उगारलेला. ओठ फुटून हनुवटीवर रक्त. आणि ती सरळ माझ्याकडे बघत होती. दोन सेकंद. मग फट् आवाज, जळका वास, पुन्हा काळोख.

पण मला दिसलं होतं. मला दिसलं, हे त्यालाही दिसलं होतं.

"काय बघते वहिनी? हां? काय बघते?"

अंगण ओलांडून तो माझ्यावर धावून आला. पहिला पट्टा माझ्या खांद्यावर बसला, दुसरा कानावर. त्यानं दिव्याला लाथ घातली. मी शूर-बिर काही नव्हते. घाबरून हात पुढे गेला आणि त्या हातात सळई होती. ती त्याच्या मनगटावर टेकली. चर्र झालं. मी लगेच काढली नाही. ते मात्र घाबरून नव्हे.

त्यानं अशी बोंब ठोकली की अख्खी वस्ती कंदील घेऊन अंगणात. जावेच्या ओरडण्याला दोन वर्षांत एक जण उठला नव्हता.

"वहिनीनं जाळलं मला!"

"आन् हिला कोणी फोडलं रे, मुडद्या?" एका म्हातारीनं कंदील जावेच्या तोंडाशी धरला. मग आमच्या मालकांनी भावाची गचांडी धरली. तेही लोक जमल्यावरच.

दुसऱ्या दिवशी कानाला फडकं बांधून मी रेडिओवाल्याकडे.

"रेझिस्टन्स लावला होता?"

"फेकला."

त्यानं कपाळाला हात लावला. या वेळी तीन एलईडी, तिघांना तीन रेझिस्टन्स, आणि तापू नयेत म्हणून खाली ॲल्युमिनियमचं झाकण. घरी येऊन वाटीचं तोंड मी मुद्दाम समोरच्या ओट्याकडे केलं. तिसऱ्या संध्याकाळी दिरानं दगड भिरकावला. एक एलईडी फुटला, दोन जळतच राहिले.

त्याच उजेडात जाऊ घरातून पट्टा घेऊन आली. माझ्या शेजारी बसून, दिराच्या देखत, विळ्यानं तिनं त्याचे तुकडे केले. बॅटरी डगमगत होती. त्यातला एक तुकडा तिनं बॅटरीखाली सरकवला. तो ओट्यावरून नुसता बघत राहिला. मग तिनं मेथी पुढ्यात ओढली.

"आक्का, दिवा लय झ्याक केला," जुडी बांधता बांधता ती म्हणाली. "पण दोन वर्षं कानात बोळे घातलेले का?"

मी मान खाली घालून पिवळी पानं निवडत राहिले. एकेक पान स्वच्छ दिसत होतं.