ग्रहणातली बरणी

जवाला मोड आणणं म्हणजे नाचणीला आणण्यासारखंच असेल असं मला वाटलं होतं. नाचणी ओल्या फडक्यात बांधून चुलीमागं टांगली की आपोआप मोडावते. जव तसे बांधून ठेवले की आत ऊब चढते आणि मधले दाणे बुरसतात. पहिले जव मी असेच घालवले. शेजारच्या गाईपुढं टाकले तर तिनंही वास घेऊन मान फिरवली.

हे कशासाठी चाललं होतं ते आधी लिहिते. लढाईचे दिवस होते. आमचे हे हुबळीत साहेब लोकांच्या एका क्लबात कोठीवर होते. त्याआधी जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात होते, आमचं लग्न झालं तेव्हा तिथंच. संध्याकाळी घरी यायचे ते भुवया पांढऱ्या, कानांत कापूस. मी नवी होते, तोंड फिरवून हसायची. पुढं हसण्यासारखं राहिलं नाही. कापसाचा तो बारीक भुरका छातीत जाऊन बसला. एक वाक्य बोलायला दोनदा थांबावं लागे. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा जिनात पाऊल टाकलंत तर माझ्याकडं येऊ नका, माझ्या औषधाचा उपयोग व्हायचा नाही. मग कुणाच्या ओळखीनं क्लबातलं काम मिळालं. बाटल्या लावून ठेवायच्या, पेले पुसायचे, कोठीला कुलूप घालायचं. तिथं धूळ नव्हती. तिथं गेल्यावर ह्यांचा खोकला उतरला, अंगावर थोडं मांसही आलं. अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, घरात सगळे त्यांना अव्वाच म्हणत, त्या सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की क्लबाच्या दिशेला तोंड करून हात जोडायच्या. त्या कोठीत कशाच्या बाटल्या असतात ते त्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत.

लढाईमुळं विलायती दारू आणणाऱ्या बोटी यायच्या बंद झाल्या. इथं होत होती ती बिअर पलटणींना जाऊ लागली. क्लबाची कोठी रिकामी पडली, आणि रिकाम्या कोठीवर माणूस कशाला ठेवायचा असं बोलणं निघालं. क्लबाचा कारभार बघणारा एक म्हातारा साहेब होता. इंग्रज नव्हता, कुठल्याशा बर्फाळ मुलखाचा होता. त्याच्याकडं लागर नावाची बिअर घरोघरी करत म्हणे. ती करायला जमली तर कोठी चालू राहील आणि तूही राहशील, असं तो ह्यांना म्हणाला. पण मोड आलेले जव कुठून आणायचे, इथं अडलं. तेव्हा हे बोलून गेले, "आमच्या घरी नाचणीला मोड आणतात साहेब, जवालाही आणतील."

घरी येऊन हे सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते. अव्वांनी निवडायचं सूप खाली ठेवलं.

"देवीच्या घटात पेरतात ते जव," त्या म्हणाल्या. "त्याची दारू करायची? आपल्या चुलीवर?"

"परसातल्या चुलीवर, अव्वा."

"परसातली चूल काय परमुलखात आहे?"

"मग जिनात जातो," हे म्हणाले. रागानं नाही म्हणाले. विचारल्यासारखं म्हणाले.

अव्वा बराच वेळ सुपातले खडे वेचत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "भिजवताना पाणी बदलत जा. नाहीतर आंबूस येतं."

त्यावरून मी समजायचं ते समजले.

कोप्पीकर रोडवरच्या दुकानातून पुन्हा जव आणले. या वेळी ते भिजवून माजघरात गोणपाटावर पातळ पसरले. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडून हातानं उलटसुलट करायचे. मला तेव्हा दिवस गेले होते, वाकलं की कळ यायची, म्हणून मी बसूनच सरकत सरकत ते काम करी. दाण्याला मुळं फुटून त्यांची दाढी झाली तेव्हा ह्यांनी साहेबाला मूठभर नेऊन दाखवले. आता वाळव म्हणाला. उन्हात वाळवले, मग तव्यावर मंद आचेवर, करपू न देता. मुळं चोळून काढली आणि जात्यावर भरड काढली. भरड गोड लागत होती. अव्वांनी चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "बाळाला पेज होईल याची." आणि उरलेली मूठभर खरंच एका डब्यात बाजूला काढून ठेवली.

सुट्टीच्या दिवशी परसात शिजवणं झालं. ऊन पाण्यात भरड मुरवायची, गाळायची, ते पाणी तांब्याच्या हंड्यात उकळायचं आणि त्यात साहेबानं दिलेली वाळकी हिरवी फुलं घालायची. त्या फुलांचा वास मला अजून सांगता येत नाही. ओल्या गवतासारखा, पण कडू. तो भिंतीवरून पलीकडं गेला आणि शेजारच्या अक्का भिंतीशी आल्या.

"एनु री, कसला कडू वास? काय उकळताय?"

मला बाहेरच्या माणसाशी बोलायला कधीच जमलं नाही. मी हंडा ढवळत राहिले. अव्वांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "काढा आहे. ह्याच्या छातीसाठी."

"हंडाभर?"

"छातीही हंड्याएवढी आहे की त्याची."

हे पेरूच्या झाडाआड उभे होते. हसू दाबता दाबता त्यांना खोकला आला आणि अक्कांना ते खरं वाटलं. "पाजा, पाजा, चांगलं असतं कडू," असं म्हणत त्या गेल्या. पुढं कितीतरी दिवस त्या मला विचारत, काढ्याचा गुण आला का. मी मान हलवायची.

साहेबानं बंगळूरहून विरजण मागवलं होतं. राखाडी चिखलासारखं, बर्फात घालून आलं होतं. हे थंडीतलं विरजण आहे, म्हणाला. ऊब लागली तर बिघडेल, थंडीत ठेवलं तर हळूहळू तळाशी बसून काम करील. काम झाल्यावरही बिअर तशीच गारव्यात पडून राहू द्यायची, कुणी हात लावायचा नाही, मग ती निवळते. हे सगळं ऐकून अव्वा म्हणाल्या, "म्हणजे बाळंतिणीसारखंच की. अंधारात निजवायचं आणि कुणी बघायला जायचं नाही."

क्लबातून लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी आणली. ती मी राखेनं आणि उकळत्या पाण्यानं पुन्हा पुन्हा घासली. न्हाणीच्या मागं, जिथं ऊन पोचत नाही, तिथं ह्यांनी खड्डा खणला. त्यात बरणी, भोवती भाताचं तूस, वर ओली पोती. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून वर सैल झाकण. क्लबात आगगाडीनं बर्फ येई. त्यातला उरलेला तुकडा हे रोज पोत्यात गुंडाळून आणत आणि खड्ड्यात ठेवत. पौषाचा गारठा होता, तोही उपयोगी पडला. सकाळी मी पोतं बाजूला सारून बरणीला कान लावी. आत अगदी बारीक चुळचुळ ऐकू येई. मग मी ह्यांना सांगायची, आहे, चाललंय. ते म्हणायचे, "आणि तुझ्या पोटातलं?" मी म्हणायची, तेही.

मला वाटतं ते दिवस बरे होते. तेव्हा तसं वाटलं नाही. तेव्हा फक्त भीती वाटे की अबकारीवाला येईल, किंवा बर्फ यायचा राहील. साहेबानं क्लबाच्या लोकांना सांगून ठेवलं होतं की महिना उलटल्यावर तुम्हाला लागर पाजतो, तोवर कोठीवरच्या माणसाला काढू नका.

मग अमावास्येला सूर्यग्रहण आलं.

पोटुशी बाईनं ग्रहण पाळायचं असतं. मला आतल्या खोलीत बसवलं, दार-खिडकी लावली. हलायचं नाही, काही चिरायचं नाही, बोटं मुडपून बसायचं नाही, नाहीतर मूल व्यंगाचं होतं. हे क्लबात गेले होते. बाहेर अव्वा एकट्याच होत्या. त्यांच्या पावलांचा आवाज येत होता, माठ रिकामा केल्याचा, हंडा उपडा केल्याचा. ग्रहणात घरात साठवलेलं पाणी, शिजवलेलं अन्न ठेवत नाहीत. टाकून देता येत नाही ते, म्हणजे दूध, तूप, लोणचं, त्यात तुळशीचं पान ठेवतात, म्हणजे त्याला ग्रहण बाधत नाही. आमच्याकडं नेहमीचंच होतं ते. त्यात ऐकण्यासारखं मला काही वाटलं नाही. मी पोटावर हात ठेवून भिंतीकडं बघत बसले होते. ग्रहण सुटलं, सगळ्यांनी न्हाऊन घेतलं, ताजं पाणी भरलं.

पुढं काही दिवसांनी बरणीतला आवाज बंद झाला. हे म्हणाले, बंद व्हायचाच असतो, आता निवळत असेल. ठरल्या दिवशी त्यांनी झाकण काढलं, फडकं सोडलं. मी वर दिवा धरला होता, कारण त्या कोपऱ्यात दिवसाही अंधार असे. पाण्यावर पांढरी, सुरकुतलेली साय आली होती. शिळ्या ताकाचा वास आला. आणि सायीत, काळं पडलेलं, तुळशीचं एक पान.

ह्यांनी ते बोटानं उचललं आणि तळहातावर ठेवून बघत राहिले.

अव्वा न्हाणीच्या दारात उभ्या होत्या. त्यांना बरणीतलं दिसत नव्हतं. त्या म्हणाल्या, "ग्रहणाच्या दिवशी सगळं ओतलं मी. तेवढं नाही ओतलं. पाप तर पाप, म्हटलं, पण माझ्या लेकाचा श्वास आहे तो. तुळस घातली, हात जोडले. सोवळ्यात होते मी तेव्हा."

ज्या बाईनं त्या बरणीकडं कधी नीट बघितलंही नव्हतं, तिनं तिला दुधा-तुपाच्या बरोबरीनं मानलं होतं.

ह्यांनी मूठ मिटली. "बरं केलंस, अव्वा," ते म्हणाले.

"मग? झाली का?"

"बर्फ कमी पडला वाटतं. मधे दोन दिवस ऊन नव्हतं का पडलं."

"मेला बर्फ," अव्वा म्हणाल्या आणि आत गेल्या.

ते पान ह्यांनी पेरूच्या बुंध्याशी टाकलं. तुळशीनं नासलं, की पान घालायला अव्वांनी फडकं सोडलं तेव्हा वारा लागून, की खरंच बर्फ कमी पडून, हे मला आजही माहीत नाही. साहेबाकडं एक बाटली नेली. त्यानं घोट घेतला, थुंकला नाही, गिळला. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, माझ्या बापाचीही पहिली अशीच झाली होती. पुन्हा करू, म्हणाला. पण विरजण संपलं होतं, आणि क्लबाचे लोक पुन्हा थांबायला तयार नव्हते. उन्हाळा आला. साहेब कुठंतरी निघून गेला. कोठीला कुलूप लागलं.

हे दुसऱ्या कामासाठी फिरले. दुकानांत फिरले, स्टेशनवर फिरले. लढाईच्या दिवसांत धडधाकट माणसं मिळत होती, धापा टाकणारा कोण घेणार. मुलगी झाली त्या महिन्यात ते जिनात गेले. पहिल्या दिवशी घरी आले ते भुवया पांढऱ्या करून, आणि मला म्हणाले, "हस की आता." मला नाही हसता आलं.

फुलं थोडी उरली होती. खोकला फार वाढला तेव्हा अव्वांनी ती उकळून काढा केला. शेजारच्या अक्कांना जे सांगितलं होतं तेच शेवटी झालं. हे वाटी हातात घेऊन वास घ्यायचे, म्हणायचे, "साहेबाला कळवा, जमली म्हणून." एवढं बोलायलाही दोनदा थांबावं लागे. दुसरा पावसाळा त्यांनी बघितला नाही. बाळाच्या पेजेसाठी काढून ठेवलेली भरड डब्यातच राहिली. तिला पोरकिडे झाले.

अव्वा नंतर बरीच वर्षं होत्या. लेकाबद्दल कमी बोलत. पण ग्रहण आलं की तुळशीची पानं खुडून आणत, लोणच्यात, तुपात, दुधात घालत, आणि प्रत्येक वेळी न चुकता म्हणत, "त्या बरणीला मी राखलं होतं. ग्रहण लागू दिलं नाही. बर्फानं घात केला."

मुलगी माझ्याकडं बघायची, कसली बरणी म्हणून.

मी म्हणायची, हो अव्वा, बर्फानंच. आणि पाणी ओतून द्यायला हंडा उचलायची.