होऊ घातलेला जवान आणि न आलेली सून

माझे तळपाय अतिशय सुबक आहेत. हे मी म्हणत नाही. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या अख्ख्या तिसऱ्या मजल्याने ते तपासून पाहिले आहेत.

दहावीत असताना मी घरात जाहीर केलं होतं, की बारावी झाली की सैन्यात जाणार! (दहावीत माणूस काहीही जाहीर करतो. बारावीला दोन वर्षं असतात.) आईबाबांनी ते मनावर घेतलं, सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. बघता बघता बारावी झाली, भरतीचा फॉर्म भरायला चार दिवस उरले आणि माझं धाबं दणाणलं. संध्याकाळी तळजाईच्या टेकडीवर पळायला म्हणून निघायचो आणि पायथ्याशी चहा पिऊन परत यायचो. (येताना तोंडावर पाणी मारायचं, म्हणजे घाम दिसतो.) पण 'मला जायचं नाही' हे घरी कोणत्या तोंडाने सांगणार? अशात कुठेतरी वाचलं, की तळपाय चपटे असले तर सैन्यात घेत नाहीत. देवच पावला!

रविवारी पोहे खाता खाता मी खडा टाकला. "माझे पाय चपटे आहेत वाटतं."

बाबा खराडीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहेत. 'वाटतं' हा शब्द त्यांना चालत नाही. "वाटतं म्हणजे? पाय ओले करायचे आणि फरशीवर चालायचं. ठशाला मध्ये खाच दिसली तर पाय ठीक, पूर्ण ठसा उमटला तर चपटे. पाच मिनिटांचं काम!"

साधं पाणी आमच्या पांढऱ्या फरशीवर दिसेना, म्हणून आईने परातीत पाणी घेऊन त्यात कुंकू कालवलं. पायपुसणं खराब होऊ नये म्हणून परात दाराबाहेर ठेवली. मी पाय बुडवले, उंबरा ओलांडला आणि देवाचा धावा करत हॉलभर चाललो. मागे वळून बघतो तर काय! प्रत्येक ठशाला डौलदार खाच!

"फरशीला उतार असेल," मी म्हणालो.

"शक्य आहे. एका सॅम्पलवर निष्कर्ष काढायचा नसतो," बाबा म्हणाले. "सगळे चला!"

मग धाकटी बहीण सई चालली. आई चालली. शेवटी बाबा चालले, आणि त्यांचे ठसे उमटले थेट भाकरीसारखे! घरात सैन्यासाठी अपात्र माणूस एकच निघाला, आणि त्याला कोणी बोलावलंच नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या लेले काकू कचरा ठेवायला बाहेर आल्या. त्यांना दिसलं ते असं: दारात कुंकवाच्या पाण्याची परात आणि आत गेलेली लाल पावलं. नवी सून घरात येते तेव्हा दिसतं, अगदी तस्सं!

"वा! शेजाऱ्यांना कळवायची पद्धत गेली वाटतं," काकू म्हणाल्या. "आणि मुलाला एकवीस तरी पूर्ण होऊ द्यायची होती!"

"अहो काकू, तसं काही नाही..."

"ही नाजूक पावलं तिचीच ना?" त्यांनी सईच्या ठशांकडे बोट दाखवलं. मग बाबांच्या ठशांपाशी थबकल्या. "आणि या विहीणबाई!"

दहा मिनिटांत अख्खा मजला आमच्या दारात! मंडईत गाळा असलेल्या माझ्या मामाला काकूंनीच फोन लावला. (त्या त्याच्याकडूनच भाजी घेतात.) तासाभरात मामा नारळ, ब्लाऊजपीस आणि दोन किलो मटार घेऊन हजर. "ताई, सून कुठंय?" तो जिन्यातूनच ओरडला.

आईचा संयम सुटला. "सून नाही रे! निखिलला सैन्यात जायचंय, म्हणून पाय तपासत होतो!"

अख्ख्या मजल्याने वाकून आधी माझे ठसे आणि मग माझे तळपाय तपासले, आणि टाळ्यांचा कडकडाट! लेले काकूंनी डोळे टिपले. सुनेचा नारळ मामाने माझ्या हातात दिला आणि मला घट्ट मिठी मारली. "मग कधी निघायचं, जवान?"

मला दरदरून घाम फुटला. (या वेळी खरा.) आत्ता बोललो नाही तर कधीच बोलणार नव्हतो.

"मला जायचं नाही."

"पाय तर उत्तम आहेत की रे," बाबा म्हणाले.

"पाय उत्तम आहेत बाबा, पण मला भीती वाटते. आणि तळजाईवर मी पळत नव्हतो. चहा पीत होतो."

बाबांनी आधी फरशीवरच्या लाल ठशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे पोह्यांच्या आधी सांगितलं असतंस तर फरशी वाचली असती," एवढंच म्हणाले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आई तर रडायलाच लागली. "अरे, चपटेच निघू देत म्हणून कुंकू कालवताना मी गणपतीला मोदकांचा नवस बोलले होते!" दोन वर्षं ती माझं मन मोडू नये म्हणून गप्प होती आणि मी तिचं. मला इतकं हलकं वाटलं, की मी तिथेच नारळ धरून हसत सुटलो.

नाराज झाल्या त्या एकट्या लेले काकू. "लग्न नाही, लष्कर नाही. मग आम्ही जमलो कशाला?" आईने मामाचे मटार घालून सगळ्यांसाठी पुन्हा पोहे टाकले, तेव्हा त्या जरा निवळल्या.

आता मी कॉमर्सला आहे. लेक्चर सकाळी सातचं असतं. आई सहापासून हाका मारते, बाबा पांघरूण ओढतात, सई पंखा बंद करते, आणि तरीही आठवड्यातून तीनदा ते हुकतंच. सैन्यात न जाऊन मी देशाची केवढी मोठी सेवा केली आहे, याची खरी कल्पना फक्त या तिघांना आहे!