बाबांनी पुसलेल्या बारा काचपट्ट्या

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाशी बसले होते. धाकटा भाऊ वाशीमहून एवढेच म्हणाला, "ताई, बाबा गेले. ये." समोरचे मोजमाप मी पुरे केले, नोंदवले आणि मग उठले. त्या दहा मिनिटांबद्दल मला अजून कोणी काही विचारलेले नाही.

बाबा वाशीमच्या एका महाविद्यालयात तीस वर्षे प्रयोगशाळा परिचर होते. काच दिसली की ती पुसायची, तीही एकाच दिशेने. मागे-पुढे फडके फिरवणाऱ्या विद्यार्थ्याला ते म्हणत, "काच हाय ते, म्हैस नाई."

माझे संशोधन द्रवस्फटिकांच्या पातळ थरांवर आहे. मोबाइलच्या पडद्यात असतात तेच. दोन काचांमध्ये कोंडलेल्या त्यांच्या काडीसारख्या रेणूंनी कोणती दिशा धरायची, हे काचेचा पृष्ठभाग ठरवतो. म्हणून काचेवर लेप देऊन तो मखमलीने एका दिशेत घासतात. मला मात्र न घासलेला लेप तपासायचा होता. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून असा लेप दिलेल्या चोवीस काचपट्ट्यांचा डबा घेऊन परतताना मी दोन दिवस घरी थांबले.

नागपूरला आल्यावर दोन पट्ट्यांचा एक, असे बारा नमुने तयार केले. सहांत रेणू शिस्तीत दिसले, सहांत सैरावैरा. घासल्याविनाही शिस्त येते, असा निष्कर्ष मी मोठ्या आत्मविश्वासाने मार्गदर्शकांपुढे मांडला आणि सहा महिने त्यामागे धावले. नव्या पट्ट्यांवर तो एकदाही खरा ठरला नाही. शेवटी घरच्या त्या दोन दिवसांची आठवण झाली आणि फोन केला.

"बाबा, त्या डब्याला हात लावला होता?"

"मंग? धूळ बसून राह्यली होती काचायवर. बाराक पुसल्या, मंग तुया आईनं जेवाले बोलावलं."

"एकाच दिशेनं?"

"तीस वर्षं काय उलटंसुलटं पुसलं का म्या?"

मी थकले होते. म्हणाले, "शिपायाची सवय काही जात नाही तुमची."

"नाई जात, बाई," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

त्यानंतर घरी गेले की माझ्या बॅगेला, चष्म्यालासुद्धा त्यांनी हात लावला नाही. चहाचा कप ठेवायचा असला तरी विचारत, "तुये कागद सरकवू काय?"

मार्गदर्शकांना सारे सांगितले तर ते खूश झाले. इतका हलका स्पर्शही पुरतो, हेच तर मोजण्यासारखे होते. माझ्या प्रबंधाचे सर्वांत भक्कम प्रकरण त्यावर उभे राहिले. यंत्राला तेवढा हलका हात साधेना, तेव्हा सर म्हणाले, वडिलांना बोलावून घ्या. मी टाळत राहिले… बोलवायचे तर आधी ते वाक्य मागे घ्यावे लागले असते. प्रबंध झाला की बाबांना सारे सांगू, असे मनाशी ठरवले होते.

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून नागपूरला परतले. त्यांनी पुसलेल्या पट्ट्यांच्या सहा नमुन्यांपैकी पाच मोजमापात संपले, एक उरला आहे. तापवला की त्यातली शिस्त विस्कटते, निवला की रेणू पुन्हा जुन्याच दिशेला येतात. मंगळवारी तो उघडून लेप तपासायचा आहे, म्हणजे तोही संपेल. मी तारीख पुढे ढकललेली नाही.

प्रबंधात एक वाक्य होते : 'पट्ट्या साहाय्यकाने हाताने घासल्या.' काल 'साहाय्यकाने' खोडून तिथे बाबांचे पूर्ण नाव लिहिले, त्यापुढे त्यांचा हुद्दा. ते वाक्य आईला फोनवर वाचून दाखवले. तिने ते दोनदा वाचायला लावले.

"चांगलं लिवलं," आई म्हणाली. "त्यायले सांगाचं होतं वं."