पेठ नसलेल्यांचा संघ

कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. आम्ही कॉलेजच्या हॉस्टेलवर राहणारी बाहेरगावची पोरं, आम्हाला कुठली पेठ? नव्वदच्या दशकात, बी.एस्सी.ला असताना, मी महिनाभर एका तालमीच्या फुटबॉल संघाच्या सरावाला गेलो. शेवटी तिथले कोच प्रेमानंच म्हणाले, “खेळतोस झकास. पण सुट्टी लागली की तू गावाकडं पळणार. मग आम्ही काय करायचं?”

त्याच संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर आम्ही स्वतःचा क्लब काढला. नावावरून तीन दिवस भांडलो. गोलकीपर व्हायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून नेसरीकडच्या माझ्या रूमपार्टनरला धरलं. तो कबड्डीवाला, फुटबॉलला तोवर त्यानं हातसुद्धा लावला नव्हता. मेसच्या मावशींनी जुन्या पातेल्यात रंग उकळून आमचे पांढरे बनियन निळे करून दिले. पहिल्याच सामन्यात सात गोल खाल्ले. घामानं रंग उतरून आम्ही कमरेपर्यंत निळे. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, “ओ पावणं, गोलात नुसती जाळीच हाय, माणूस न्हाय व्हय?”

रूमपार्टनर जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मला हलवून म्हणाला, “ऊठ. शंभर बॉल मार मला.”

वर्षभर रोज मारले. त्याची बोटं इतकी सुजायची, की त्याची जर्नलं आम्ही लिहायचो.

पुढच्या हंगामात आम्ही खालच्या गटाच्या फायनलला पोहोचलो. जिंकणारा वरच्या गटात जाणार होता. एक-शून्यनं पुढं होतो, आणि शेवटच्या मिनिटाला आमच्या गोलसमोर बॉल माझ्या हाताला लागला. पेनल्टी! मला मान वर करवेना. रूमपार्टनर जवळ येऊन म्हणाला, “रडतोस काय? बघ की नुसतं.”

तो गुडघ्यात वाकून उभा राहिला. कबड्डीत चढाईवाल्याची वाट बघावी तसा, शेवटपर्यंत हलला नाही. बॉल सुटला तसा डावीकडं झेपावला आणि उठला तेव्हा बॉल छातीशी होता. शिट्टी वाजली. अख्खी गॅलरी उभी राहिली. कुठल्या कुठल्या पेठांची माणसं मैदानात उतरली आणि त्याला खांद्यावर घेऊन नाचली. मी नुसता ओरडत होतो.

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती आणि माझ्या घशातून आवाज फुटेना. परीक्षक सरांनी माझ्याकडं पाहिलं, पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि म्हणाले, “बस निवांत. मीही काल स्टेडियमवरच होतो.”