दोन्ही कान दिसले पाहिजेत

माझे वडील केंद्र सरकारच्या एका कार्यालयातल्या प्रवेशपत्र विभागातून निवृत्त झाले. अर्जांवर चिकटवलेले फोटो तपासणं हे त्यांचं काम होतं. चेहरा समोर हवा, डोळे उघडे हवेत, दोन्ही कान दिसले पाहिजेत, मागे काही नको. नियमात न बसणारा फोटो ते अर्जासकट परत पाठवत. या कामाबद्दल त्यांच्याविरुद्ध कधी तक्रार आली नाही. कौतुकही झालं नाही.

निवृत्तीनंतर आई, वडील आणि मी पुण्याच्या एका ग्रुपबरोबर केनियाला जायचं ठरवलं. निघण्याच्या आठवड्यात आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळाचे कार्यवाह मयूर विहारच्या आमच्या घरी आले. वडील मंडळाचे जुने सभासद होते, पण मंचावर ते चढत ते माइक नीट करायला.

"काका, आल्यावर फोटो दाखवा," कार्यवाह म्हणाले. "पडद्यावर. पूर्ण एक तास तुमचा."

वडील "बघू" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी जाऊन मोठ्या लेन्सचा कॅमेरा घेऊन आले. त्यानंतर जेवताना दोनदा त्यांनी विचारलं की एका तासात साधारण किती फोटो होतील.

मसाई मारात आमच्या जीपचा ड्रायव्हर स्थानिक होता. वडील त्याच्याशी हिंदी बोलत. घराबाहेरच्या माणसाशी हिंदी, ही दिल्लीची सवय त्यांनी विषुववृत्तापलीकडेही सोडली नाही. "भैया, थोडा आगे लो," ते म्हणत आणि तो जीप पुढे घेई. अडचण त्याची नव्हती, प्राण्यांची होती. ते समोर बघत नसत. पहिल्या दिवशी एका झेब्र्याने वीस मिनिटं पाठ केली.

"मुद्दाम करतोय," वडील म्हणाले.

"अहो, गवत खातोय तो," आई म्हणाली. "त्याला पास नकोय."

आईकडे दुर्बीण होती. ती ज्या दिशेला काही घडत असेल तिकडे बघे. वडील ज्या दिशेला चेहरा असेल तिकडे.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक चित्ता वारुळावर बसलेला सापडला. त्याने जीपकडे पाहिलं. वडिलांनी फोटो घेतले आणि समाधानाने मान हलवली. मग चित्ता उठला, गवतातून थोडं चालला आणि अचानक पळत सुटला. पुढे एक हरीण होतं. आजूबाजूच्या जीपमधले सगळे कॅमेरे एकदम वाजायला लागले. वडिलांनीही बटण दाबून धरलं. मिनिटभरात सगळं संपलं.

संध्याकाळी वडील लॉजच्या व्हरांड्यात बसून दिवसभराचे फोटो तपासत. आजचं काम उद्यावर टाकायचं नाही, ही नोकरीतली शिस्त. चित्ता पळतानाचे अकरा फोटो होते.

"चेहरा हललाय." रद्द.

"तोंड पलीकडे." रद्द.

"बाबा, ठेवा ना," मी म्हणाले. "चित्ता आहे हे कळतंय."

"तुला कळतंय, कारण तू तिथे होतीस. समोर बसलेला माणूस तिथे नसतो. त्याला हा कोण ते कळलं पाहिजे."

अकराही गेले. माझ्या मोबाईलमध्ये शिकार म्हणून जे आलं होतं, ते गवत होतं.

मंडळाचा कार्यक्रम पहाडगंजातल्या एका हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी झाला. खुर्च्या भरल्या होत्या. कॅन्टोन्मेंटमधून एक सुभेदार काका सहकुटुंब आले होते. वडील इस्त्रीचा शर्ट घालून मंचावर उभे राहिले. पहिला फोटो आला.

"हा हत्ती. नर."

मग सिंह, जिराफ, पाणघोडा. सगळे समोरून, सगळे स्पष्ट. प्रत्येकाला एक वाक्य. दहाव्या-बाराव्या फोटोला एक काकू म्हणाल्या, "सगळे आपल्याकडेच बघतायत हो. जसं काही आपणच पिंजऱ्यात."

लोक हसले. वडील थांबले, मग पुढचा फोटो लावला.

"काका, शिकारीचा एखादा दाखवा की," सुभेदार म्हणाले.

"होते. नीट आले नव्हते. काढून टाकले."

"काढून टाकले?"

"हो."

मागच्या रांगेतले दोघं चहाचं बघायला उठले. कोणीतरी घड्याळ पाहिलं. वीस मिनिटंही झाली नव्हती आणि फोटो थोडेच उरले होते. वडिलांचा आवाज खाली गेला. "हा चित्ता," ते म्हणाले आणि नर की मादी ते सांगायचं विसरले.

"अहो, तो तसाच राहू द्या," आई तिसऱ्या रांगेतून म्हणाली.

ती उठून उभी राहिली. "हा इथे बसला होता. आणि हरीण तिकडे, त्या पंख्याखाली."

सगळ्यांनी पंख्याखाली पाहिलं. तिथे बसलेले गृहस्थ थोडे सरकले. आईने चित्त्याला दोन रांगांच्या मधून नेलं, हरणाला दाराकडे वळवलं. "हा बिल्कुल सीधा गेला, ते वळलं, हाही वळला, आणि संपलं. पण खाता कुठे येतंय? नुसता धापा टाकत बसला. तेवढ्यात तरस आलं. एकदम आरामात. घरचं जेवण असल्यासारखं."

"आणि चित्त्याने दिलं?" सुभेदारांनी विचारलं.

"दिलं. अंगात जोर कुठे होता?"

"च्यायला," सुभेदार म्हणाले. त्यांच्या पत्नीने त्यांच्याकडे पाहिलं.

वडिलांनी पुढचा फोटो लावला. तरस, समोरून, तोंडाला रक्त.

"हेच ते," वडील म्हणाले.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. चहाला गेलेले परत आले. मग लोकांनी पहिल्यापासून सगळे फोटो पुन्हा मागितले. वडील फोटो लावत, आई त्याच्या आधी आणि नंतर काय झालं ते सांगे. एक तास केव्हाच उलटून गेला. आभार मानताना कार्यवाहांनी आधी आईचा उल्लेख केला, मग वडिलांचा. वडिलांनी दोन्ही वेळा नमस्कार केला.

परतताना मेट्रोत दोघांना शेजारी जागा मिळाली. मी समोर उभी होते. यमुना आली तेव्हा वडील आईकडे वळले.

"ती हत्तीण पिल्लाला सोंडेने पाण्यात ढकलत होती म्हणालीस," ते मग म्हणाले. "ते कधी झालं?"

"तुम्ही फोटो काढत होतात तेव्हा."

"मी नाही पाहिलं."

"हो ना."

"सांग," वडील म्हणाले.

तिने सांगायला सुरुवात केली. आमचं स्टेशन आलं तेव्हा पिल्लू अजून पाण्यातच होतं आणि दोघंही उठली नाहीत. आम्ही पुढच्या स्टेशनवर उतरलो.